शिडी जरा बाजूला घ्या

मळ्याच्या चढावर, खाडीच्या अंगाला,
ती पिवळी भिंत आहे ना, फोटोंतली,
ती माझी.
म्हणजे घर एर्मेलिंडाबायचं,
घरपट्टी तिची, वाळवी तिची,
रंग तेवढा माझा. सतरा वर्षं.

पाऊस उतरला की खरवडायला घेतो.
खालून काय निघतं ते कुणी बघत नाही.
आधी फिकट निळा, मग कसलासा गुलाबी,
मग चुना, चुन्याखाली ओल,
ओलीखाली जांभा, बारा महिने घामेजलेला.
मिठागरं गेली म्हणतात.
खिडकीखालचा लोणा खरवडून बघा एकदा,
मग सांगा गेली का.

आणि लोक येतात.
पोदेर पाव टाकून जायच्या आत येतात,
एका बॅगेत तीन झगे घेऊन.
एक पाय मागे भिंतीला लावून उभं राहायचं,
अशी काही रीतच आहे.
त्या टाचांचे ठसे मी ओल्या फडक्याने पुसतो.
बायने पाटी लावली: इथे माणसं राहतात.
आता पाटीसकट फोटो काढतात.

काल जळगावच्या एक बाई
चप्पल हातात घेऊन पायरीवर टेकल्या,
टाचेला हा एवढा फोड.
म्हणाल्या, भाऊ, खरं सांगा, हेच का ते?
किल्ल्यावर गेलो तर ऊन.
चर्चपुढे रांग, आत गेलो तर बोलू नका.
किनाऱ्यावर पाण्यापेक्षा खुर्च्या जास्त,
आणि दीडशे रुपयांचं लिंबू सरबत, बिनसाखरेचं.
आता ही गल्ली, पोरीचा हट्ट.
उगीच डोक्यावर घेतलंय सगळं, नाही का?

मी शिडीवर. ब्रश ठिबकत होता.
"हो" अगदी जिभेवर आलं होतं.

पण मला जयपूर आठवलं.
फटीच्या पोराने तिकिटं काढली होती,
आम्ही चौघं, दोन रात्री गाडीत.
सगळं शहर गुलाबी म्हणून गेलो, बघतो तर गेरू.
हात राहवेना. नखाने हळूच खरवडलं.
शिपाई ओरडला.
शालन तोंडाला पदर लावून हसत सुटली,
एवढे पैसे घालून भिंत बघायला आला, रंगारी!
घरी नव्हती?
मी काही बोललो नाही.
नखातला गेरू मडगाव येईपर्यंत धुतला नाही.

आणखी एक आहे,
ते एर्मेलिंडाबायलाही ठाऊक नाही.
गेल्या वर्षी खिडकीच्या उजव्या अंगाला
पिवडी संपली. तिन्हीसांज, दुकान बंद,
दुसऱ्या दिवशी फेस्त.
पिशवीच्या तळाशी चिमूटभर हिरमजी होती,
मयेच्या देवळाच्या पायऱ्या रंगवून उरलेली.
घातली. ढवळली. फासली.
वाळल्यावर तेवढा हातभर तुकडा वेगळा,
पिकल्या मानकुरादाच्या देठाशी असतो तसा.
शरमलो. म्हटलं, पुढच्या वर्षी झाकू.

आता सगळी दुनिया नेमकी तिथेच उभी राहते.
इथे उजेड बरा येतो, म्हणतात.
बाय म्हणते, सगुण, त्या कोपऱ्याला तोच रंग हं.
कुठून आणू?
चिमूट कोणी मोजली होती?
बाकी भिंत झाली, तेवढा कोपरा तसाच ठेवलाय.

बाई उत्तराची वाट बघत होत्या.
म्हटलं, भिंत आहे, बाई. भिंतीसारखी भिंत.
तेवढ्यात पोरगी धावत आली, आई, ऊठ,
त्या खिडकीपाशी, नाही, अजून थोडं उजवीकडे.
बाई उठल्या. केस सारखे केले.
फोडाची टाच कशीबशी चपलेत सारली.
भिंतीला टेकल्या नाहीत, रंग ओला असेल म्हणून.
सतरा वर्षांत पहिलंच माणूस.

काका, शिडी जरा बाजूला घ्या ना.
घेतली.
बादलीचा कान आला असेल फोटोत,
खालच्या कोपऱ्यात.
आला असेल तर असो.