साडेतीन मिलिमीटरचा फूट

स्कल्पिन आर्मचं स्टेशन पाडलं, त्याला झाली चौतीस वर्षं.
रूळ त्याआधीच उचलून नेले होते,
बिऱ्हाड हलवताना खाटेच्या पट्ट्या नेतात तसे.
उरलाय एक फोटो, बशीएवढा,
कोपऱ्यात चहाचा डाग,
दारापाशी उभे माझे वडील, स्टेशनमास्तरची टोपी घालून.

त्यावरून मी स्टेशन बांधतोय तळघरात,
सत्त्याऐंशीपट लहान.
साडेतीन मिलिमीटर म्हणजे एक फूट.
न्यूफाउंडलंडची गाडी मुळातच अरुंद,
म्हणून माझे रूळ बारा मिलिमीटरचे;
मुख्य भूमीवरून येणारी तयार खोकी इथे बसत नाहीत.
सगळं हातानं.

बासवूडच्या फळ्या ब्लेडनं कापायच्या,
शाईच्या पाण्यातून काढायच्या,
की चाळीस वर्षांचं खारं वारं एका रात्रीत लागतं.
छपराला झिजका सँडपेपर.
गंजाला खडूची पूड, विटकरी आणि थोडी काळी,
बोटानं, खालून वर नाही, वरून खाली,
पाणी जसं गेलं असेल तसं.
मालडब्याचे रिव्हेट पत्र्याच्या मागून सुईनं टोचायचे,
एका बाजूला चारशे बारा.
चारशे अकरावा तिरका गेला
की पत्रा फेकायचा, आणि तेव्हा तोंडातून जे निघतं
ते पाद्रीबुवांच्या कानावर न गेलेलं बरं.

जिन्यावरून ड्यूलसी विचारते, हे मोजणार कोण?
मी मोजलेत ना.

पण स्टेशनचं माप आणायचं कुठून?
नकाशे कुठल्याशा ओल्या कपाटात कुजले.
मग वडिलांवरून काढलं.
पाच फूट नऊ इंच, ते सांगायचे,
कुणी विचारलं नसलं तरी.
घरातल्या प्रत्येक दारातून जाताना
मान जराशी झुकवायचे,
टाळूला चौकट लागेल म्हणून.

डिव्हायडरचं एक टोक बुटाच्या टाचेवर,
दुसरं टोपीच्या खाली, अंदाजानं.
त्या मापानं भिंती उभ्या राहिल्या, छप्पर बसलं,
आणि दार आलं सात फुटांचं.
आमच्या लाइनवर दारं सहा फूट आठ.
सुतार एक, साचा एक.

दाराशेजारच्या फळ्या मोजल्या,
प्रत्येक चार इंच उघडी.
वीस. वीस चोक ऐंशी.
भिंग बदललं. पुन्हा वीस.
फळ्यांना कुणासमोर ताठ उभं राहायचं नसतं.

ट्रिफी आत्याला फोन लावला. ती ब्याण्णव वर्षांची, कान शाबूत.
“ॲबसलम? पाच-सहा. तेही बुटांसकट.”
मग कॉडच्या भावावर बोलत राहिली.
मी हं हं म्हणत होतो.

भिंती सोडवल्या. गोंद पक्का होता, दोन फळ्या चिरल्या.
अख्खं स्टेशन कमी झालं,
एकवीस भागांतला एक भाग:
फलाट, बाकं, दिव्याचा खांब, माल तोलायचा काटा.
पाऊण महिना गेला.
मी त्यांच्यापेक्षा कधी उंच झालो, मला आठवत नाही.
पाठीला पाठ लावून आम्ही उभे राहिलोच नाही कधी.

शेवटी वडील. तांब्याची तार, वर पुटी,
टोपीला काळ्या रंगाचा एक थेंब.
एकोणीस मिलिमीटर आणि वर पाव.
वीसच्या पुढे जाऊ शकलो असतो,
फरक नखाच्या कडेएवढा, कुणाला दिसला असता?
नाही केला.
फक्त चिमट्यानं, पुटी ओली होती तोवर,
मान किंचित वाकवली.

ड्यूलसी चहा घेऊन आली, चश्मा कपाळावरून खाली ओढला,
बराच वेळ वाकून बघत राहिली.
“हे असे का उभे?”

“दार ठेंगणं आहे,” मी म्हणालो.