वजा नऊशे

मार्केट यार्डात, शिरगुप्पे आणि मंडळींच्या पोटमाळ्यावर
मी बसते. खाली हळदीचे ढीग,
वर मी, एक पंखा, आणि बाहुबली मगदूमनं
एकोणीस वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्रॅम.
कीबोर्डावर शून्य आणि एंटर कायम पिवळे,
कितीही पुसा.

मगदूमला मी कधी पाहिलं नाही.
पण त्याचं अक्षर ओळखते.
कोडमध्ये अक्षर कसलं म्हणा,
सगळ्यांचं सारखंच छापील;
तरी कळतं माणूस कुठे घाईत होता,
कुठे जेवून आला होता,
कुठे शेठ पाठीमागे उभे होते.
नावं ठेवायचा अ, अ१, अ२,
मग एकदम नवा_अ,
आणि त्यानंतर खरा_नवा_अ.
आमच्या गल्लीत एका घरात तीन आप्पा आहेत,
तिथंसुद्धा इतका घोळ होत नाही.

पूर्वी म्हणे सौदे रुमालाखाली चालायचे.
बोटं दाबायची, चेहरे कोरडे,
भाव दोघांनाच ठाऊक.
मगदूमचा कोड तसा,
रुमालाखालचा दुसरा हात मशीनचा.
कधीतरी तिसरं माणूस येईल, वाचायला बसेल,
हे त्याच्या मनातच आलं नसणार.
मी ती तिसरी.

चारशे बाराव्या ओळीत एक आकडा:
वजा शून्य पॉइंट नऊ.
दर पोत्यामागे. का, ते कुठेच नाही.
वर फक्त एक टीप,
लोणच्याच्या बरणीवर असावी तशी:
हात लावू नये.

शेठ म्हणाले, "चालतंय न्हवं? मग कशाला उकरतीस?"
दिवाणजी म्हणाले, "ते कॉम्प्युटरचं काय ते."
गेट नंबर तीनपाशी, चहाच्या गाड्यावर,
काट्यावरनं रिटायर झालेला दस्तगीर मुजावर मात्र हसला.
"तागाचं पोतं, ताई. रिकामं नऊशे भरायचं.
मीच सांगिटलं हुतं त्या पोराला."
मग थप्पीकडे बघत राहिला.
पांढरी, गुळगुळीत, उन्हात चमकणारी थप्पी.
"आता कुठं ऱ्हायलाय ताग?"

एक रिकामं पोतं काट्यावर टाकलं.
एकशे तीस ग्रॅम.

कुणी चोरलं नव्हतं.
कुणी वाचलं नव्हतं.
जिन्यात उभी राहून मी पोती गुणायला लागले,
दिवसाची, हंगामाची, सहा-सात वर्षांची,
आणि मध्येच सोडून दिलं.

शेठ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दाखव."
दाखवलं.
"ह्यातलं मला काय कळतंय?"
तेव्हा त्यांच्यासमोरच एकेक नाव बदलत गेले.
अ काढला, खरा_नवा_अ काढला.
त्यांनी चष्मा लावला, स्क्रीनवर बोट टेकवलं,
आणि पाटीवरचं वाचावं तसं वाचलं:
भरलेलं वजन, वजा रिकाम्या पोत्याचं वजन.
बोटाचा पिवळा ठसा तिथेच राहिला.
"मग आधीच असं का न्हाई लिहिलं त्यानं?"

काय सांगू? बावीस वर्षांचा होता,
हंगाम तोंडावर होता,
आणि पाठीमागं कुणीतरी उभं होतं.

"मी उभा असायचो," शेठ म्हणाले,
आणि खाली गेले. जिन्याच्या मधल्या पायरीवर
थोडा वेळ पाय वाजले नाहीत.
मग हाक आली, "दिवाणजी, जुन्या पट्ट्या काढा सगळ्या."

मी 'हात लावू नये' पुसलं.
त्या जागी चार ओळी लिहिल्या,
जो कोणी पुढे ह्या पंख्याखाली बसेल त्याच्यासाठी:

तागाचं पोतं नऊशे ग्रॅम, प्लास्टिकचं एकशे तीस.
पोतं बदललं की आकडा बदला, इथेच, दुसरीकडे कुठे नाही.
शंका आली तर दस्तगीर मुजावर, गेट नंबर तीन.
चहा बिनसाखरेचा.