वहिवाट

खिडकी क्रमांक तीन, वूस्टरचा सिटी हॉल.
माझं काम एवढंच: नकाशावर पट्टी ठेवायची
आणि सांगायचं, किती फुटांनी चुकलं.

डिलेनी स्ट्रीट, घर क्रमांक एकेचाळीस.
लाकडी, तीन मजली, एकावर एक ठेवलेल्या डब्यांसारखं.
मागे तीन गॅलऱ्या, मधली जराशी कललेली.
बाजूला मोकळी जागा हवी दहा फूट, आहे चार.
गाड्या लावायला जागा हव्यात सहा, आहे शून्य.
जिना सात इंच अरुंद,
आणि तळमजल्यावर, निव्वळ राहत्या वस्तीत,
बूटदुरुस्तीचं दुकान.

आजच्या कायद्यात हे घर उभंच राहू शकत नाही.
पण कायदा पाळण्यात होता
तेव्हा या घराला मिसरूड फुटलं होतं.
म्हणून फायलीवर शिक्का: पूर्वापार, नियमबाह्य, चालू.
पहिल्या दोन शब्दांचं ओझं
तिसऱ्याच्या खांद्यावर.

कारण वापर दोन वर्षं खंडला की हक्क संपला.
इंग्रजीत याला लांबलचक नाव आहे.
मी मनात वहिवाट म्हणते:
गवत उगवू दिलं नाही
तोवर वाट आपली.

फेब्रुवारीत ब्रोन्या ग्रिगाइतिस आल्या.
वय एक्याऐंशी, बुटांना बर्फ, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
काझिसला जाऊन सव्वीस महिने झाले, म्हणाल्या,
आणि शेजाऱ्यानं अर्ज दिलाय, दुकान बंद आहे.
डबा उघडला. आत पावत्या.
दर महिन्याला एक, क्वचित दोन.
काळी नाडी, एक जोड. तपकिरी नाडी.
पॉलिश, छोटी डबी. पुन्हा नाडी.
टाच, एक. उधार.
"टाच कोणी बसवली?"
"मी. वाकडी बसली. गिऱ्हाईक काही बोललं नाही."

साहेबानं पावत्या पत्त्यांसारख्या पिसल्या.
याला धंदा म्हणायचं?
कलमात वापर लिहिलंय, नफा नाही, मी म्हटलं,
आणि माझाच आवाज मला जरा मोठा वाटला.

पाहणीला मीच गेले. गुरुवार, चार वाजता, उजेड उतरत होता.
काझिसचा लोखंडी पाय टेबलावर, तळवा वर करून,
जमिनीत डोकं घालून कुणी उभं असावं तसा.
फळीवर न नेलेले बूट, एकोणीस जोड,
प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी, त्याच्या अक्षरात.
एका चिठ्ठीवरची तारीख माझ्या जन्माआधीची.
मी जिना मोजला. सात नाही, साडेसात.
साडेसात लिहिलं.

"दुकान चालू आहे काय" या रकान्यापाशी पेन थांबलं.
दिवा लागलेला. गल्ल्यात सुट्टे.
बाईंच्या बोटांना पॉलिश, अजून ओलं.
ते रोजचं, की मी येणार म्हणून,
हे विचारायला फॉर्मवर रकाना नाही.
मी "होय" वर खूण केली.

माझ्या डाव्या बुटाचा तळ दिवाळीपासून उघडा होता.
पाहणीला गेलं की काही घ्यायचं नाही, द्यायचं नाही,
हा आमचा नियम.
शनिवारी गेले, स्वतःची म्हणून.

नाव? टिळेकर.
ळ त्यांच्याच्यानं बसेना.
दोन-तीनदा ठोकून पाहिला,
मग नुसता ल ठेवला, दोरा ओवला,
विसावा जोड फळीच्या टोकाला.

"न्यायची घाई नाही हं," मी म्हटलं.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"मला आहे. मंगळवारी या.
दुकान आहे हे.
आणि सुट्टे आणा."