काय मोडलंय?

चौदा सेकंद.
म्फांगानो बेटाच्या धक्क्यावर, सिग्नलची एकच काडी,
रिस्परच्या फोनवर आमचं दुकान उघडायला लागतात
चौदा सेकंद.
मी मोजले, तिच्या शेजारी उभी राहून,
हातात घड्याळ, पाय चिखलात.
तिच्या बोटीचा पंखा फिरत नव्हता
आणि स्क्रीनवर एक गोल तेवढा फिरत होता.

नमनालाच घडाभर तेल म्हणतात ते हेच:
आधी सरकती चित्रं, पाच,
मग सवलतीची चौकट, जिची फुली तांदळाएवढी,
मग "काही मदत हवी का?" विचारणारा बुडबुडा,
ज्याच्या मागे किसुमूत कुणीच बसलेलं नसतं.
पंख्याची पिन शोधायची तर
उत्पादने, मग सागरी
— आमच्याकडे सरोवर आहे, सागर कुठला —
मग यांत्रिक, मग इतर.
इतर!
दोन बोटं लांबीच्या ज्या पितळेवाचून बोट धक्क्याला बांधून राहते
आणि दिव्याला भुलून वर आलेली ओमेना
पहाटे तशीच खाली निघून जाते,
ती म्हणे इतर.

परतले आणि पाडायला घेतलं.
डागडुजी नाही, पाडायलाच.
चार फॉन्ट होते, एक ठेवला.
दोन ओळींच्या कामासाठी कुणी अख्खी लायब्ररी आणून ठेवली होती,
ती आल्या वाटेने परत.
गिऱ्हाइकाचा अंगठा कुठे थबकला हे टिपणारे सात चुगलखोर,
तेही गेले. त्यांचं टिपण कुणी कधी वाचलंच नव्हतं.
अपोंडी शेजारी बसून आकडे सांगायची,
मुलाचा ताप उतरताना सांगावा तसे:
अकरा. नऊ. साडेसहा.

मग पहिल्या सरकत्या चित्राशी येऊन हात थांबला.
म्हातारे ओचोला. दुकानाच्या दारात, स्टुलावर,
मांडीवर कुणाचा तरी कार्ब्युरेटर.
चार मेगाबाइट.
जेकोनियाने स्वतः चढवलेला फोटो, दफनानंतरच्या आठवड्यात.
"बाकी काय वाट्टेल ते काढ," तो म्हणाला होता.
बाकी सगळं काढून झालं. आकडा सहावर अडला.

तीन दिवस त्या फोटोभोवती काम करत राहिले,
झोपलेल्या माणसाभोवतीचा केर काढावा तशी.

चौथ्या दिवशी जेकोनियाला विचारलं,
तुझे वडील त्या स्टुलावर बसून करायचे काय?
काही नाही, म्हणाला. बसायचे.
कुणी आत आलं की विचारायचे, काय मोडलंय?
काय हवंय, असं कधीच नाही.
वस्तूचं नाव लोकांना येत नसतं, ते म्हणायचे,
मोडलेलं मात्र प्रत्येकाला दाखवता येतं.

आता पान उघडतं तेव्हा वर एक रिकामी ओळ असते.
तिच्यात फिकट अक्षरांत,
धोलुओ, स्वाहिली, इंग्रजी, फोन बोलेल त्या भाषेत:
काय मोडलंय?
खाली बोट, नुसत्या रेघांची.
पंख्यावर टिचकी मारा, पंखा सुटा होतो,
पिन दिसते, किंमत दिसते,
तुमच्या बेटाकडे पुढची लाँच कधी सुटते तेही दिसतं.
इतर कुठेच नाही.

म्हाताऱ्यांना अठरा किलोबाइटांत बसवलं,
पावतीच्या पानावर, तळाशी, पैसे भरून झाल्यावर.
जेकोनियाने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.
"कानावरचे केस गेले," म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने,
"चालेल. आई तेच कापायला सांगायची."

शुक्रवारी रिस्परने पिना मागवल्या. एक नाही, सहा.
दीड सेकंद, अपोंडीने वाचलं,
आणि खात्री वाटेना म्हणून पुन्हा वाचलं.
रात्री रिस्परचा फोन आला, आवाज धास्तावलेला:
अगं, तो गोल फिरलाच नाही.
तुमचं काही मोडलंय का?