समोरचा दात

अडुसष्टची हेराल्ड, कढीच्या रंगाची.
सायलेन्सरच्या पोटाला बोट लावलं
तर बोट आत गेलं.
पापडासारखा पत्रा.
मी तो त्याच दिवशी पिराजीला देऊन टाकला,
किलोवर,
माप न घेता.

साचा घेतल्याशिवाय दाताला हात लावला नाही
बावीस वर्षांत.
पण गाडी म्हटलं की मीच पेशंट होते.

नवा आला कुरिअरने, राजारामपुरीच्या दवाखान्यात,
स्टेनलेस, तोंड बघावं असा.
खोक्यावर लिहिलेलं: सर्व मॉडेलना चालेल.
सुनेत्रा काउंटरवरून म्हणाली,
मॅडम, ऑक्सिजनचं नळकांडं मागवलंय?

उद्यमनगरात बाबालाल शिकलगारांनी
तो उभा धरून बघितला, आडवा धरून बघितला.
"सगळ्यास्नी चालतंय म्हंजे
कुणाचाच न्हाई ह्यो."
फ्लँजची भोकं दोन सूत सरकलेली.
त्यांनी ती कानशीनं रुंदावली,
मध्ये गॅस्केटवर गॅस्केट चढवली,
रबराच्या जागी लोखंडी पट्टी,
आणि बोल्ट आवळताना मान फिरवून घेतली,
न बोलावलेल्या पाहुण्याला
नमस्कार करावा तशी.

आवाज मात्र!
सायबर चौकात पोरं गाडी हळू करून बघायची,
"काकू, नाद खुळा!"
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.
आठवडाभर.

मग कळलं,
पंचावन्नला एक घुमारा सुरू होतो,
कानात माशी कोंडल्यासारखा,
साठला थांबत नाही, पन्नासला जात नाही.
शिरोलीपासून किणी टोलनाक्यापर्यंत
नवरा आणि मी खुणांनी बोललो.
भांडण राहून गेलं, तेवढाच फायदा.

वाघबीळच्या पुढे, पन्हाळ्याच्या चढाला
जिथे ती तिसऱ्यात गुणगुणत जायची
तिथे दुसरा टाकला.
ओरडली खूप. सरकली थोडी.
आणि मागचं चाक खड्ड्यातून उसळलं की
नळीचा खालून ठोका, टक्,
उंच राहिलेल्या फिलिंगसारखा,
जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाते.

फेब्रुवारीत मॅनिफोल्ड तडकलं.
पन्नास वर्षं तापून निवालेलं बीड,
त्याला बोटभर भेग.
हेराल्डचं बॉनेट सुसरीच्या जबड्यासारखं
अख्खंच उघडतं.
बाबालाल आत कमरेपर्यंत,
टॉर्च माझ्या हातात.
"आजपातुर हादरा कोण खात हुतं?
जुना. कच्चा पत्रा. लवायचा, गंजायचा.
त्यो सडला म्हणून ह्ये जगलं.
ह्यो नवा गडी लवत न्हाई, सडत न्हाई.
मग मोडायचं कुणी, डॉक्टरबाई?"

मी गप्प.
हेच तर मी शिकाऊ पोरींना सांगते:
कॅप फार कडक बसवली
तर कॅपला काही होत नाही,
समोरचा दात झिजतो.
सांगते आणि पुढच्या पेशंटला बोलावते.

पिराजीकडे जाऊन आले.
तो बिडी विझवत म्हणाला,
"ताई, त्यो त्याच आठवड्यात भट्टीत गेला की."
कुठल्या भट्टीत, ते त्याला सांगता येईना.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत आता
लाकडी पॅटर्न चाललाय मॅनिफोल्डचा,
दोनदा ओतलं, दोनदा आत फुगा राहिला.
निपाणीच्या एका तंबाखूवाल्यांची हेराल्ड आहे,
तिच्याखाली झोपून माप आणलं बाबालालनी,
सिगरेटच्या पाकिटावर.
कच्च्या पत्र्याचा वळतायत सायलेन्सर.
"सात-आठ वर्सांनी सडंल बघा,"
आधीच सांगून ठेवतात,
वॉरंटी दिल्यासारखं.

स्टेनलेस त्यांच्या गॅरेजच्या दारात उभा,
वरचं टोक कापून, छत्र्या ठेवायला.
येता-जाता चकाकतो.
अजून एक ओरखडा नाही त्याला.