ओल्या पायऱ्या

हरभऱ्याला घाटे धरले की आम्ही तिघं जागलीला जातो.
मचाणावर फाटकी ताडपत्री, खाली तणस,
रानडुकरांसाठी तेलाचा रिकामा पिपा आणि एक दांडा.
उरलेली रात्र होमराजच्या मोबाईलची.

त्यातला गेम असा :
काळ्या तळ्याच्या पोटात, दगडी पायऱ्यांच्या शेवटी,
शंभर वर्षं झोपलेली एक खवल्यांची बाई.
वरच्या गावातलं पोर हरवलेलं.
गावकरी म्हणतात, तिनंच नेलं.
मोहरा देतात, भाला देतात, तुम्हाला खाली धाडतात.
ती डोळे उघडते, म्हणते, मी आत्ताच जागी झाले.
आणि पडद्यावर तीन पाट्या येतात :
मारा.
सोडा.
गावाला जाऊन सांगा, मारली.

दुर्योधन पडद्यावर तळहात ठेवतो.
(आजा दंडारीत तेच सोंग घ्यायचा,
नातवाला नाव लागलं. भांडतोही तसाच, मांडीवर थाप मारून.)
"थांब बे. वर पाऊस नाई, ढग नाई,
मंग पायऱ्या ओल्या काहून?"
"तळ्याचं पानी हाय."
"तळं खाली. अन् ओल्या हायत वरच्या पायऱ्या,
खालच्या कोरड्या ठक्क.
थे बाहेर गेलीच नाई.
वरूनच कोनीतरी आलं, अर्ध्यावर पोट्टं ठेवलं, वापस गेलं."
"गोष्ट लिहिनाराची चूक असन."
"चूक नाई. लिहिनाराले माहीत हाय,
गावाले माहीत हाय,
फक्त भालेवाल्याले माहीत नाई."

मी म्हटलं, सोडू.
होमराज म्हणाला, सोडली अन् उद्या खरंच पोरगं नेलं तं?
शंभर वर्सांची भूक असते बावा.
त्यापेक्षा तिसरी पाटी बरी :
गाव झोपते, थे झोपते, मोहरा आपल्या.
"अन् पोट्टं?" दुर्योधन ओरडला.
"पोट्टं कोनाच्या हिशोबात?
मारली म्हन, सोडली म्हन,
तिघाही पाट्यांत पोट्ट्याचं नाव नाई!"

दूर बोडीकडं टिटवी ओरडली.
होमराजनं पोपटाची शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले,
आणि भांडणातलंच पुढचं वाक्य असल्यासारखं विचारलं,
"मंग पुसाच्या महिन्यात वीज कशी पडली बे?"

गेल्या साली केवळरामच्या धुऱ्यावर
अस्वल पडलं होतं.
मादी. उजवा पंजा कोळसा.
पंचनाम्यात लिहिलं, आकाशातून वीज पडून.
पंच क्रमांक दोन, दुर्योधन.
सही देखणी आहे त्याची, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी.
त्या आठवड्यात आभाळ
घासलेल्या परातीसारखं होतं.

त्यानं उत्तर दिलं नाही.
मीही माझ्याकडचं सांगितलं नाही :
पहाटे खांबावरून उतरवलेली तार
सायकलच्या कॅरिअरला गुंडाळून
मीच घरी नेली होती.
केवळराम म्हणाला होता, पोरं लहान हायत रे माही.
लहानच होती.
मी चहा पिलो होतो त्यांच्याकडं, दोनदा.

मोबाईल चार टक्क्यांवर आला.
खवल्यांची बाई अजून बघत होती, पापणी न हलवता,
पाट्या तिच्या छातीवर लुकलुकत.
कोणी बोट लावलं नाही.
मग पडदा विझला, आणि एकदम कळलं
की घाटे खाल्ले जाताहेत,
करकर, करकर, अगदी मचाणाखाली,
आणि पिपा कोणीच वाजवत नाहीये.

नंतरचे चार दिवस दुर्योधन जागलीला आला नाही.
पाचव्या दिवशी आला, स्वतःचा चार्जर, स्वतःचा मोबाईल.
कोपऱ्यात पाठ करून बसला.
तोच गेम, पहिल्यापासून.
होमराजनं विचारलं, काय निवडलं बे?
तो बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला,
मग म्हणाला,
"खाली गेलोच नाई अजून.
गावात फिरून रायलो.
एकेकाचे पाय पाहून रायलो."