दोन मिनिटं अकरा सेकंद

पडदा म्हणजे खरं तर बेडशीटच,
खोली नंबर सतराच्या फळ्यावर चिकटपट्टीनं लावलेली,
उजव्या कोपऱ्यात इस्त्रीचा डाग.
प्रत्येक ट्रेलरमध्ये तिथे एक तपकिरी सूर्य उगवतो,
मुलांना आता तो दिसतही नाही.

आज फुटबॉलच्या हुल्लडबाजीवरचा सिनेमा.
लिहून घ्या, मी म्हणते.
पहिले एकवीस सेकंद चेंडू दाखवलेलाच नाही.
फक्त बूट. लोखंडी कठडा. मफलर.
मफलर, मालाडात, मे महिन्यात!
वर्ग हसतो. हसा, पण लिहा: वेशभूषा.
कॅमेरा जमिनीलगत, म्हणून पोरगा बुरुजाएवढा.
आणि कट, कट, कट,
मिनिटाला चौसष्ट. मी मोजलेत
काल रात्री, भात करपेपर्यंत.

आता आवाज.
नाकावर गुद्दा बसतो तेव्हा ऐकू येतो
तो कोबीचा गड्डा, ओल्या पंच्यात बांधून आपटलेला.
(कोबी म्हटल्यावर पुन्हा हशा.)
मग ढोल, मग ढोल बंद,
आणि त्या पोकळीत पंचाची एकच शिट्टी,
कुणीही न ऐकलेली.
ही शांतता विकत घेतलेली असते, मुलांनो,
तिच्यासाठी पगारी माणूस असतो.

एक मिनिट सात. थांबव.
इथे बघा, चित्र दाणेदार होतं, थरथरतं.
हा हातातला कॅमेरा. मुद्दाम हलवतात,
आपणही गर्दीत आहोत असं वाटावं म्हणून.
काय म्हणतात याला?

खिडकीखाली मार्वे रोडचे हॉर्न.
शेवटच्या बाकावरून ऑस्विन मिस्किटा,
जो वर्षभर फक्त 'हजर' एवढंच बोललाय:
"मुद्दाम नाय हलवला, मॅडम.
माझ्या फोनमधला हाय तो.
फादर आंतोन शिल्डची सेमीफायनल.
तीन हजार दिले त्यांनी, खात्यावर.
पयले चार सेकंद मी कापून दिले."

चार सेकंदांत काय होतं?

पंखा. शेजारच्या वर्गातली हजेरी.
तो बाकाची सनमायका नखानं उचकटत राहतो.
"कॉर्नर होता. भारी घेतलेला, मॅडम, आत वळलेला.
आनि माझा आवाज हाय.
त्यांच्या गोलकीपरच्या आयवर.
मग बाटली... म्हंजे हात दिसतो. घड्याळ दिसतं."

सगळ्यांनी त्याच्या मनगटाकडे पाहिलं.
घड्याळाच्या जागी कातडीचा फिकट पट्टा.

नऊ वर्षं मी संकलन शिकवते.
कात्री कुठे लागली ते चित्रच सांगतं, असं सांगते.
हा ट्रेलर मी चौदा वेळा पाहिला होता
आणि चौदाही वेळा त्या थरथरीला
मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले होते.

घंटा झाल्यावर तो बेडशीट काढायला थांबला.
दोन टोकं त्याच्याकडे, दोन माझ्याकडे,
वाळलेलं धुणं घडी करतात तसे आम्ही
एकमेकांकडे चालत आलो.
"निनाद नाव हाय त्याचं," तो म्हणाला,
"नालासोपाऱ्याला ऱ्हातो. सात टाके."
मी विचारलं, भेटलास?
त्यानं टोकं माझ्या हातात दिली.
डाग आत गेला. घडी तिरकी पडली होती.
पुन्हा उघडली आम्ही.